आठ जणांचा पाळणा

दादाच्या फोनवर पार्कचा संदेश आला तेव्हा त्याची बहीण मधली चहा गाळत होती. त्याचा चेहरा बघूनच तिला कळलं की आपलं काहीतरी चुकलंय. काय चुकलंय ते अजून कळायचं होतं. पण चूक आपलीच असणार याची तिला नेहमी आधी खात्री व्हायची, तपशील मागाहून यायचा.

"हे काय गं मने?" दादानं फोन डोळ्यांपासून लांब धरला. "एकाच दिवसासाठी माझ्या नावावर दोन गट नोंदलेत म्हणे. बरीचशी माणसं दोन्हींत तीच आहेत. एक गट रद्द करा, नाहीतर आज सहा वाजता दोन्ही आपोआप रद्द होतील."

"दोन कसे? मी एकच केला. गटप्रमुख म्हणून तुझं नाव टाकलं, थोरला तू आहेस म्हणून."

"मग दुसरा कुणी केला?"

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला धाकटा भाऊ बारक्या बसला होता, न वाकणारा डावा पाय खुर्चीबाहेर लांब टाकून. तो बशीतल्या बिस्किटाचे तुकडे एकमेकांना जुळवून बघत होता. त्यानं मान वर केली नाही. मधलीनं गाळणी खाली ठेवली, कारण दुसरा गट कुणी केला ते तिला समजलं होतं.

बारक्याची ही सवय सगळ्या घराला ठाऊक होती. कुणी दार लावलं की हा जाऊन ओढून बघणार. कुणी गॅस बंद केला की हा बटण पुन्हा पिळून येणार. बायकोनं मुलीचं दप्तर भरलं की हा ते रिकामं करून परत भरणार. दुसऱ्यानं केलेल्या कामावर त्याचा विश्वास बसत नसे, आणि का बसत नसे हे विचारायची या घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. मधलीनं नोंदणी केली म्हटल्यावर हा ती तपासणार, इतपत तिनं धरलं होतं. तो तिच्यासारखंच दादाला गटप्रमुख करून सगळी नोंदणी पहिल्यापासून नव्यानं करेल हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

"दोन तर दोन," मोठी वहिनी म्हणाली. दादाची ही बायको शाळेत शिकवत असे आणि गोंधळ दिसला की तिचा आवाज आपोआप वर्गातला व्हायचा. "एक रद्द करा आणि चहा प्या. त्यात एवढं काय आहे? सारखेच तर आहेत." तिनं फोन हातात घेतला आणि नावं वाचायला सुरुवात केली. पहिला गट वाचला, दुसरा वाचला, आणि मग पुन्हा पहिल्यावर गेली.

"काय झालं?" खिडकीशी मटार सोलत बसलेल्या आईनं विचारलं.

"सारखे नाहीत, आई. पहिल्यात ताईंचं नाव नाही." वहिनीनं मधलीकडे पाहिलं, मग टेबलाच्या टोकाकडे. "आणि दुसऱ्यात भाऊजींचं नाही."

शेजारच्या खोलीत तिन्ही मुली पलंगावर उड्या मारत होत्या. दादाच्या दोन आणि बारक्याची एक. 

दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते असं म्हटलं तर ते खरं ठरलं नसतं. ते बोलत होते, फक्त मधलीमार्फत. "मने, त्याला सांग, आईच्या औषधाचं मी बघतो." "मने, त्याला विचार, मुलींच्या शाळेला सुट्टी कधी लागते." सणासमारंभाला, आजारपणाला, घराच्या छताला गळती लागली तेव्हा, सगळं तिच्यातून जायचं आणि तिच्यातूनच परत यायचं. जाताना ती शब्दांचे कोपरे घासून द्यायची. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर काचा घासायची आणि घरी आल्यावर भावांची वाक्यं. दादा गावी यायचा तो बारक्याला परगावचं काम असेल अशा बेतानं, आणि तो बेत जुळवायचीही तीच. या वेळी तिनं तो जुळवला नव्हता.

कारण पुढच्या महिन्यात ती जाणार होती. दुकानाच्या मालकानं दुसऱ्या शहरात काचा बनवायचा कारखाना काढला होता आणि तिथलं काम तिला देऊ केलं होतं. तिनं होकारही देऊन टाकला होता. हे फक्त आईला माहीत होतं. आई ऐकून एवढंच म्हणाली होती, "जा. पण आधी या दोघांचं काहीतरी करून जा. मी त्यांच्या मधे किती दिवस पुरणार?" मग हॉस्पिटलातून परतल्यापासून जे मागणं आई येताजाता मागत होती तेच तिनं पुन्हा मागितलं. मला पार्कातल्या आकाशपाळण्यात बसायचंय, दोन्ही मुलांना घेऊन. ज्या बाईनं आयुष्यात साधा झोपाळा मागितला नाही तिला हे खूळ कुठून लागलं, असं धाकटीनं म्हणजे बारक्याच्या बायकोनं विचारलंसुद्धा. त्यावर आई म्हणाली होती, "पाळणा एकदा वर गेला की फेरी संपेपर्यंत कुणाला उठून जाता येत नाही."

पार्कचे नियम मधलीनं कितीदा तरी वाचले होते. फाटकावर तिकीट मिळत नाही. दिवस, नावं, ओळखपत्रं, सगळं आधी कळवायचं. सुट्टीच्या दिवसांत दोनपासून आठपर्यंत माणसांचा गट लागतो, एकट्यादुकट्याला सोडत नाहीत. एक गट म्हणजे आकाशपाळण्यातला एक पाळणा. एकदा घातलेलं नाव बदलता येत नाही. घरात माणसं नऊ. पाळण्यात जागा आठ. तिनं ते आकडे पाहिले आणि तिला एकदम हलकं वाटलं होतं, कारण न मागता वाट सापडली होती. त्या आठांत ती स्वतः नसेल. त्या बंद पाळण्यात दोघांना एकमेकांशी बोलावं लागेल, निदान 'बाजूला सरक' एवढं तरी.

आता ती वाट संध्याकाळी सहाला बंद होणार होती.

"तू स्वतःचं नाव का नाही घातलंस?" बारक्यानं विचारलं. तो पहिल्यांदाच बोलला, आणि अर्थातच तिच्याशी.

"आठच माणसं बसतात."

"दोन गट करता आले असते. पाच आणि चार."

"आईला एकाच पाळण्यात बसायचंय."

"मग आई आणि पोरी एकात आणि—"

"आईला तुम्ही दोघं एकाच पाळण्यात हवे आहात. तुला माहितीये ते." मधलीचा आवाज तिला हवा त्यापेक्षा वर गेला. "आणि तू स्वतःचं का नाही घातलंस?"

"माझा पाय आखडतो. एवढा वेळ एका जागी बसवत नाही."

"परवा सिनेमाला बसलात की," धाकटी म्हणाली. ती बँकेच्या खिडकीवर बसायची आणि समोरच्यानं कागद सरकवला की तो नीट बघितल्याशिवाय घेत नसे, मग तो नवऱ्याचा का असेना. "इंटरव्हललाही उठला नाहीत."

"तू गप गं."

"मी गप्प बसते. पण पोरींना तुम्ही सांगायचं, पार्क रद्द झाला म्हणून. तिघींनी कपडेसुद्धा ठरवलेत, आणि ते कसे ठरवले असतील याचा विचार तुम्ही केलात का कधी? आम्ही दोघी रोज फोन करतो एकमेकींना." तिनं मोठ्या वहिनीकडे पाहिलं आणि वहिनीनं मान हलवली. मधलीला हे नवं होतं. इतकी वर्षं सगळे निरोप आपल्याच हातातून जातात असं ती समजत होती आणि इकडे जावाजावांनी आपली वेगळी तार ओढून ठेवली होती. तिला बरं वाटलं, आणि थोडं लागलंही.

"मुलींचं बघून घेऊ," दादा घाईनं म्हणाला. "मी काय म्हणतो, दोन्ही रद्द होऊ देत. नदीकाठच्या बागेत जाऊ. नोंदणी नको, गट नको. मोकळं मैदान आहे, ज्याला जिथे बसायचं तिथे बसेल."

"म्हणजे एक या टोकाला आणि एक त्या टोकाला," आई म्हणाली.

"तसं नाही गं आई."

"मग कसं?"

 दादा आता एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळत होता, तिथे काचेच्या नळ्यांखेरीज काही हलत नव्हतं. वरच्या मजल्यावर जायचं तर जिन्यानं जायचा. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बापाचा, अण्णांचा, थोरला मुलगा, त्यांच्यानंतर जो त्यांचं लिफ्टचं दुकान चालवेल असं सगळे धरून चालले होते, तो त्या दिवसानंतर कुठल्याही लिफ्टमध्ये पाय ठेवत नव्हता. पाळणा म्हणजेही शेवटी टांगलेला डबाच. मोठ्या वहिनीच्या कपाळावर आठी दिसत होती ती त्याचीच, हे मधलीला कळत होतं. मुलींच्या कपड्यांसाठी ती धाकटीच्या बाजूनं होती आणि नवऱ्यासाठी बागेच्या.

"पार्कवाल्यांना फोन लावू," वहिनी म्हणाली. "एक नाव वाढवून घ्या म्हणावं. माणसंच आहेत तीही."

फोन लागला तेव्हा पलीकडे बाई होती, माणूसच होती, गोड बोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं सांगितलं की पाळण्यात नववं माणूस बसत नाही, नाव बदलता येत नाही, दिवस पूर्ण भरला आहे, आणि रद्द झालेल्या जागा लगेच वाट बघणाऱ्यांना जातात. रद्द फक्त गटप्रमुख करू शकतो, त्याच्याच फोनवरून. "कुठला गट ठेवायचा ते कुटुंबात ठरवा ना," ती म्हणाली, आणि शुभ दिवस म्हणून फोन ठेवला.

"कुटुंबात ठरवा म्हणे," आई पुटपुटली. "कुटुंबात ठरत असतं तर पाळण्यात कशाला गेलो असतो."

बारक्या टेबलाला रेटा देऊन उठला आणि पुढच्या खोलीत गेला. पुढे दुकान आणि मागे घर अशीच अण्णांनी रचना ठेवली होती. मधली क्षणभर थांबली, मग त्याच्या मागून गेली. जाताना दादाची नजर तिनं पाहिली. तो भावाच्या पायाकडे बघत होता.

दुकानात पोलादी दोराची भेंडोळी भिंतीशी रचलेली होती आणि फळ्यांवर लहानमोठ्या कप्प्या, वंगणाचे डबे, दारांच्या मोटारी. बारक्या आता खाली उतरायच्या कामाला जात नसे, त्यासाठी त्यानं माणसं ठेवली होती. तो इथे बाकावर बसून मोटारी उघडायचा. आत्ताही त्यानं एक पुढ्यात ओढली आणि स्क्रू काढायला घेतले.

"मने, तू मला विचारायला हवं होतंस," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?"

"नाही."

"मग?"

त्यानं एक स्क्रू वाटीत टाकला. "तुला वाटतं मला त्याचा राग आहे."

"नाहीये?"

"पहिली एकदोन वर्षं होता. राग होता तोवर सोपं होतं. आता तो समोर आला की माझ्या पायाकडे बघतो. चेहऱ्याकडे बघतच नाही. मी काहीही बोललो तरी तो पायाशीच बोलणार. तू मधे असलीस की निदान तुझ्याकडे बघतो." दुसरा स्क्रू निघेना, म्हणून त्यानं तो सोडून दिला. "तू नसताना मी त्या डब्यात त्याच्यासमोर बसून काय करू? पाय कुठे ठेवू?"

मधलीला रडू येईल असं वाटलं आणि ते येऊ नये म्हणून ती भेंडोळ्यांपैकी एकावर बसली. लहानपणी ती तिघं यांवरच बसून शाळेचा अभ्यास करायची आणि कपड्यांना वंगण लागलं म्हणून आईचा मार खायची.

"मी पुढच्या महिन्यात जातेय," ती म्हणाली. "कारखान्यात काम मिळालंय. तिकडेच राहणार."

त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला.

"कायमची?"

"कायमची म्हणजे काय, नोकरी आहे तोवर."

"मग त्याला—" तो बोलता बोलता थांबला. काय विचारणार होता ते दोघांनाही कळलं. मग त्याला निरोप कोण देणार?

"तेच," मधली म्हणाली. "आणि खरं सांगू का, कारखाना नसता निघाला तरी मला आता होत नाही रे. तुमचं एकमेकांना सांगायचं असतं ते सगळं माझ्याकडे साचून राहिलंय. त्यानं एकदा रडत विचारलं होतं, पाऊस आला की याचा पाय दुखतो का. मी तुला येऊन म्हटलं, दादानं तब्येत विचारलीये. तू म्हणालास, त्याला सांग बरी आहे. मी त्याला सांगितलं, बरी आहे. झालं. एवढंच पोचलं."

बारक्यानं पेचकस उचलला आणि परत ठेवला. मग त्यानं विचारलं, "रडत?"

"हो."

आतून मुलींपैकी कुणीतरी पलंगावरून पडल्याचा आवाज आला, मग भोकाड, मग दोन्ही जावांचे एकदम आवाज. दोघंही तिकडे गेली नाहीत.

"त्या दिवशी," बारक्या म्हणाला, आणि मधलीनं वर पाहिलं, कारण 'त्या दिवशी' हे शब्द त्याच्या तोंडून तिनं कधी ऐकले नव्हते. "त्या दिवशी त्यानं एकदा हाक मारली असती ना. एकदाच. मला बाकी काही नको होतं."

हाक म्हणजे अण्णांची हाक. अण्णांनी धंद्यात पहिल्या दिवसापासून घालून दिलेली रीत होती ती. वरच्या माणसानं वीज सुरू करण्याआधी ओरडायचं, "खाली कोण?" आणि लिफ्टखालच्या खड्ड्यात जो असेल त्यानं उत्तर द्यायचं, "खाली मी." उत्तर आलं की वरच्यानं हात मागे घ्यायचा आणि खालचा सांगेल तसंच करायचं. उत्तर आलं नाही तर स्वतः जाऊन बघून यायचं. अण्णांच्या ती इतकी अंगवळणी पडली होती की घरातही मिक्सर लावताना, उकळतं पाणी ओतताना, कपाटाचं दार लोटताना ते "खाली कोण?" म्हणायचे, आणि पोरं गच्चीवर असली तरी "खाली मी" म्हणून कोकलायची. आई वैतागून म्हणायची, या घरात वर कुणी राहतच नाही का.

मग तो दिवस आला. एका इमारतीच्या जुन्या लिफ्टखाली बारक्या रूळ पुसत होता, वर यंत्रखोलीत दादा होता, आणि इमारतीचा मालक जिन्यात उभा राहून घाई करत होता. दादानं हाक न मारता खटका ओढला. डबा एक मजला खाली आला. बारक्या भिंतीला चिकटला म्हणून जीव वाचला, गुडघा वाचला नाही. अण्णांनी दादाला एक शब्दही बोलून दाखवला नाही आणि वर्षभरात ते गेले. तेव्हापासून ते दोन शब्द या घरात कुणीही उच्चारले नव्हते, मिक्सर लावतानासुद्धा.

"हे त्याला सांग ना," मधली म्हणाली.

"तूच सांग."

"नाही सांगणार," ती म्हणाली.  "हे मी कुणालाही सांगणार नाही."

ती दोघं परत आली तेव्हा टेबलावरचा चहा साय धरून बसला होता. मुलींना आता आईजवळ मटार सोलायला बसवलं होतं आणि सोलल्यापेक्षा जास्त त्यांच्या पोटात जात होते. दादा फोन समोर ठेवून बसला होता, दोन्ही हात मांडीवर. घड्याळाकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळे बघत होते.

"काय ठरलं?" मोठ्या वहिनीनं विचारलं.

"काही नाही," बारक्या म्हणाला आणि आपल्या जागी बसला.

"हे बघा," धाकटी म्हणाली. "भाऊजींना पाळण्यात बसायची भीती वाटते आणि यांना भाऊजींसमोर बसायची. वाटू दे. मलाही उंचीची वाटते. पण मी येणार आहे. आता माझं नाव दोन्हींत आहे म्हणून सांगते, कुठलाही ठेवा पण एक ठेवा."

"मला भीती नाही वाटत," दादा म्हणाला.

"वाटते," मोठी वहिनी हळूच म्हणाली. ती आता बागेच्या बाजूची राहिली नव्हती. "वाटते, पण तुम्ही येताय. मी शेजारी बसेन."

दादानं फोन उचलला. दोन्ही गट एकाखाली एक दिसत होते, आणि प्रत्येकासमोर 'रद्द करा' असा एक लाल चौकोन. मधली त्याच्या खांद्यामागे उभी होती. तिला त्याचा अंगठा दिसत होता. वरचा चौकोन म्हणजे तिनं केलेला गट, खालचा म्हणजे बारक्यानं केलेला. वरचा दाबला तर पाळण्यात ती असेल, बारक्या नसेल, आईची फेरी अर्धी होईल आणि सगळे एकमेकांशी छान बोलतील. सगळ्यांना सोयीचं होतं ते. दादालाही. त्याला एकदा दाबायचं होतं आणि बारक्याचा पाय आखडतो म्हटल्यावर कुणी नावं ठेवली नसती.

अंगठा वरच्या चौकोनाकडे गेला, तिथून खालच्याकडे, आणि मधेच थांबला.

"मने," दादा म्हणाला, "त्याला विचार, कुठला रद्द करू."

तिच्या तोंडात आयतं आलंच होतं, 'बारक्या, दादा विचारतोय...' इतक्या वर्षांची सवय. तिनं ओठ मिटले. खुर्चीची पाठ घट्ट धरली. आईचे हात मटारात थांबले होते, आणि आईनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मधलीचं उरलंसुरलं अवसान गोळा झालं.

"तूच विचार," ती म्हणाली. "तो तुझ्यासमोर बसलाय."

दादानं मान वर केली. नजर सवयीनं टेबलाखालून बाहेर आलेल्या पायाकडे गेली. बारक्यानं पाय आत घ्यायला पाहिलं, तो घेता आला नाही, आणि त्याचा चेहरा लाल झाला.  धाकटीनं तोंडावर हात ठेवला. दादाचा अंगठा काचेवर लटकत होता, आणि मधलीला वाटलं, हा आता फोन खाली ठेवणार, सहा वाजू देणार, आणि मग आपण मुलींना काहीतरी खोटं सांगणार. आयुष्यभर असंच चालणार.

दादानं घसा साफ केला.  पुन्हा साफ केला.

"खाली कोण?"

आईच्या मांडीवरचं ताट कलंडलं आणि दाणे जमिनीवर घरंगळत गेले. मुली ते धरायला धावल्या. बाकी कुणी हललं नाही. दादा आता पायाकडे बघत नव्हता. तो समोर बघत होता, भावाच्या तोंडाकडे.

बारक्यानं उत्तर द्यायला वेळ लावला. तेवढ्या वेळात मधलीनं मनातल्या मनात त्याच्या वतीनं शंभर उत्तरं तयार केली आणि एकही दिलं नाही.

"खाली मी," बारक्या म्हणाला.

दादानं अंगठा काचेपासून लांब घेतला, रीत होती तसा. "कुठला?"

"ज्यात मी नाही, तो."

"परत सांग."

"ज्यात मी नाही तो रद्द कर, दादा."

दादानं खालचा चौकोन दाबला. मग फोन टेबलावर ठेवून त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मोठी वहिनी त्याच्याकडे जायला निघाली तर आईनं तिला हातानं थांबवलं. बारक्या टेबल धरून उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि दादाच्या शेजारच्या खुर्चीत बसला, पाय लांब टाकून. फोन त्यानं स्वतःकडे ओढला. सवय कुठे जाते? रद्द झालंय की नाही ते त्यानं दोनदा बघितलं.

"झालंय," तो म्हणाला. "व्यवस्थित झालंय."

मुली ओरडल्या, कपडे घेऊन येऊ का म्हणून विचारायला लागल्या. धाकटी एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत त्यांना म्हणाली, उद्याचा दिवस जाऊ दे की. त्या गडबडीत आईनं मधलीला विचारलं, "तू काय करशील गं दिवसभर?"

"बाहेर थांबेन. रस्त्यावरून आकाशपाळणा दिसतो अख्खा."

ती हे सहज बोलली आणि बोलल्यावर तिला कळलं की आपल्याला जायचं होतं. त्या आठांत बसायचं होतं, काचेला नाक लावून खाली बघायचं होतं. नावं भरली तेव्हा हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आता बोलून उपयोग नव्हता, आणि बोलावंसंही वाटत नव्हतं. तिनं गार झालेले कप गोळा केले आणि आत नेले.

ओट्यापाशी उभी राहून ती थोडी रडली. मग नवीन चहाचं आधण ठेवलं. बाहेर दादा काहीतरी विचारत होता, बारक्या काहीतरी सांगत होता. पावसाबद्दल होतं बहुतेक, पायाबद्दल. शब्द नीट ऐकू येत नव्हते. तिनं पाणी उकळेपर्यंत कान दिला. "मने, त्याला सांग," असं कुणी म्हणालं नाही.